हाडांतला क्षार कुठे जात होता

श्रीमती सुमनताई साळवे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते आईच्या कडेवरून. मी नऊ वर्षांची होते, कडेवर बसण्याची लाज वाटण्याइतकी मोठी. पण माझे पाय वाकले होते आणि काही सकाळी ते उचलतच नसत. आईने मला वाटूरहून एसटीने एका सरकारी दवाखान्यात आणले होते. बाई तिथे प्रयोगशाळा तंत्रज्ञ होत्या.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथासाठी त्यांच्या शांत, सोशिक स्वभावावर लिहावे, असे समितीने सुचवले. ते मला जमणार नाही. बाई सोशिक कधीच नव्हत्या. त्या तशा असत्या तर आज मी वर्गात उभी राहून विज्ञान शिकवत नसते.

बाई भेटण्याआधी तीन वर्षे मला कॅल्शियमची इंजेक्शने टोचली जात होती. कुणी मुडदूस म्हणाले. एका डॉक्टरांनी तर आईला तोंडावर सांगितले, "पोरगी शाळा चुकवायला नाटक करते." माझ्या रक्तात आम्ल वाढल्याचा जालन्याच्या प्रयोगशाळेचा अहवाल त्याच केसपेपरला टाचलेला होता. तो कुणी वाचलाच नव्हता. बाईंनी वाचला आणि माझ्या लघवीत आम्लता दाखवणारी रंगपट्टी बुडवली.

अन्नातून शरीरात रोज आम्ल तयार होते. त्यातले काही वायूच्या रूपाने श्वासावाटे जाते. उरलेले मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात आणि रक्ताला लागणारा क्षार राखून ठेवतात. म्हणून रक्तात आम्ल वाढले की लघवी चांगलीच आम्ल व्हायला हवी. माझी होत नव्हती. मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नळ्यांना आम्ल बाहेर ढकलता येत नव्हते. ते साचलेले आम्ल मारण्यासाठी शरीर हाडांतला क्षार झिजवत होते. पोटॅशियम लघवीतून वाहून जात होते, म्हणून पाय लुळे पडत.

रक्ताचा अहवाल आणि लघवीची नोंद, असे दोन्ही कागद घेऊन बाई दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरांकडे, म्हणजे साहेबांकडे गेल्या. आम्ही दारातच होतो.

"पट्टी जुनी असेल," साहेब मान वर न करता म्हणाले.

"नवी डबी फोडली, साहेब. तीन दिवस सकाळची लघवी तपासली. लेकराचं रक्त आंबट होऊन राह्यलं, अन् लघवी न्हाई. मंग आम्ल जाऊन राह्यलं कुठं?"

"बाई, तुमचं काम पट्टी बुडवायचं. निदान आम्ही करतो."

"मंग करा की! तीन वर्षं झाली, कोन करून राह्यलं?"

त्या वाक्यासाठी बाईंना लेखी खुलासा द्यावा लागला. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून त्या आम्हाला जालन्यातल्या दुसऱ्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले, आणखी तपासण्या केल्या आणि औषध सुरू केले: खाण्याचा सोडा आणि पोटॅशियमचे क्षार, पाण्यात विरघळवून रोज. इतके साधे! काही आठवड्यांत मी शाळेत चालत गेले. हाडे हळूहळू भरली, उंची मात्र खुंटली ती खुंटलीच. वाया गेलेल्या त्या वर्षांचा राग मला आजही आहे.

पुढे माझा दुर्मिळ आजार ओळखल्याबद्दल त्याच साहेबांचा सत्कार झाला. बाई श्रोत्यांत बसल्या होत्या. मी संतापून विचारले, "बाई, तुम्ही उठून बोलला का नाहीत?"

"मला नाव नको गं माय," बाई म्हणाल्या. "पन त्यानंतर वाकड्या पायाच्या किती लेकरांची लघवी तपासली, हे कुनी तरी विचारायचं होतं त्यांना."

निवृत्तीनंतर ते विचारण्याचे काम बाईंनी स्वतःकडे घेतले. परवाच शहागडच्या एका मुलीसाठी त्या दवाखान्याच्या बाकावर बसून राहिल्या. "पट्ट्या संपल्यात," असे उत्तर मिळाले. बाईंनी पिशवीतून स्वतःची डबी काढून टेबलावर ठेवली आणि तपासणी होईपर्यंत उठल्या नाहीत.

बाईंना शंभरी पार करणारे निरोगी आयुष्य लाभो. त्या बाकावर जाऊन बसण्याची वेळ मात्र त्यांच्यावर पुन्हा न येवो.