मंजिरीवहिनींची दुसरी बॅरल

चक्का निम्मा चाळून झाला होता, माझे दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे झाले होते, तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला. मंजिरीवहिनींनी घेतला. "हो ट्रेव्हर, आज दुपारी येते," एवढंच ऐकू आलं. चाळणी तशीच पातेल्यावर ठेवून मी बाहेर आले.

"आज दुपारी कुठे?"

"रेंजवर. पुढच्या शनिवारची टेस्ट आज घेतोय. उद्या तो मुलीकडे कॅनडाला चाललाय, आणि माझी मेंबरशिप महिनाअखेर संपते."

"वहिनी, आज खंडेनवमी आहे."

"मला माहीत आहे ग. पाटावर माझंच पिस्तूल आहे ना!"

मंजिरीवहिनी माझ्या थोरल्या जाऊ. बेलफास्टच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढतात. अनुपभावजी गेल्यापासून एकट्याच राहतात, पण घरचे देव थोरल्यांकडे, म्हणून सणावारी आम्ही दोन गल्ल्या ओलांडून त्यांच्याकडे येतो. नवमीला त्यांच्या पाटावर माझं शिवणयंत्र, सुऱ्या, विळी, ह्यांचं ड्रिल आणि वहिनींचं रिकामं पिस्तूल अशी पूजा मांडली जाते. गोळ्या पूजेत नसतात, त्या कुलपात. हाउन्सलोची माझी मावसबहीण सीमा पहिल्यांदा हे बघून दारातच थबकली होती. "अगं, तुझी जाऊ पोलिसात आहे का?" तिकडे इंग्लंडमध्ये असली पिस्तुलं बंद झाली, इथे उत्तर आयर्लंडमध्ये क्लबाचे मेंबर असाल आणि सर्टिफिकेट असेल तर नेमबाजीसाठी ठेवता येतात, हे तिला समजावता समजावता चहा गार झाला.

भावजी गेल्यावर वहिनींनी देवळात येणं कमी केलं, भिशी सोडली. शनिवारची नेमबाजीची रेंज मात्र सोडली नाही. मला आधी ते खटकायचं. मग एकदा त्या म्हणाल्या, "तू जप करताना कशी असतेस? मी तिथे तशी असते."

गेल्या फेब्रुवारीत हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये बर्फावरून घसरून त्यांचं उजवं मनगट मोडलं. प्लेट घातली. बरं झाल्यावर पहिल्यांदा रेंजवर गेल्या आणि पहिल्याच गोळीला हात भलतीकडे उडाला. त्यांचं पिस्तूल चाळीस कॅलिबरचं, त्याचा झटका मोठा. ट्रेव्हर म्हणजे क्लबात सुरक्षेचं बघणारा म्हातारा, मनाने चांगला. तो म्हणाला, या वयात बरेच जण थांबतात, तूही विचार कर. हात ठीक असल्याची टेस्ट दिल्याशिवाय क्लब मेंबरशिप वाढवणार नव्हता. मेंबरशिप गेली की सर्टिफिकेट जाणार, आणि मग पिस्तूलही जमा करावं लागणार. वहिनी घरी आल्या, चपला काढल्या आणि म्हणाल्या, "केला विचार. थांबायचं नाही."

मग त्यांनी दुसरी बॅरल शोधून काढली. पिस्तूल तेच ठेवायचं, आतली नळी काढून बाहेरून त्याच मापाची दुसरी बसवायची. तिचं भोक थोडं लहान, त्यामुळे तेच पिस्तूल नऊ मिलिमीटरची गोळी मारतं आणि झटका हाताला सोसवतो. गोळ्या भरायचं मॅगझीनही वेगळं. नुसत्या नळीसाठीसुद्धा पोलिसांकडून सर्टिफिकेटमध्ये नोंद करून घ्यावी लागली. ती येईपर्यंत वहिनी रोज संध्याकाळी आमच्याकडे यायच्या आणि मनगटाला व्यायाम म्हणून परात ओढून घ्यायच्या. उन्हाळाभर दोन्ही घरची कणीक त्यांनीच मळली. आमचे हे म्हणायचे, "वहिनी, पोळ्या मऊ होतायत, टेस्ट उशिराच होऊ दे."

आता टेस्ट आली होती, आणि पिस्तूल, शेजारी त्याचं रिकामं मॅगझीन, हळदीकुंकू लावून पाटावर होतं.

"आज हलवायचं नाही," मी म्हटलं. "विळी पूजेत म्हणून मी काल रात्रीच भाजी चिरून ठेवली, आणि तुम्ही हे उचलणार?"

"सर्जनने आज सुरी पूजली तर पेशंट उद्यापर्यंत टेबलावरच का?"

"तुमचा कोण पेशंट आहे?"

"मी," वहिनी म्हणाल्या.

मी देवीकडे बघितलं. मग हात धुतले. "उत्तरपूजा करून घेऊ. तेवढ्या एकाच शस्त्राची. बाकीची उद्या."

"चालतं असं?"

"मी करतेय म्हणजे चालतं."

मी मंत्र म्हटला, त्यांनी अक्षता वाहिल्या. वहिनींचं अक्षता वाहणं म्हणजे लग्नात लांबच्या रांगेतून टाकल्यासारखं. अर्ध्या सतरंजीवर गेल्या. मग त्यांनी पिस्तूल उघडलं, ब्रशने बॅरल साफ केली, उजेडाकडे धरून आरपार बघितली, फडक्याने कुंकू पुसलं आणि सगळं कुलपाच्या पेटीत ठेवलं. मी म्हटलं, मी येणार.

रेंजवर मला मागच्या बाकावर बसवलं, कानांवर आवाज अडवणारे मोठाले मफ. ट्रेव्हर वहिनींच्या खांद्याशी उभा राहिला. तीस गोळ्या मारायच्या होत्या. पहिल्या काही नीट गेल्या. वहिनींची पाठ अगदी सरळ होती. मग पिस्तूल मध्येच गप्प झालं. वरचा भाग पूर्ण बंद होईना, थोडा उघडाच राहिला.

वहिनींनी ट्रिगरवरचं बोट काढलं, नळी निशाणाकडेच ठेवली. ट्रेव्हरने मान हलवली. मी एका कानावरचा मफ जरा सरकवला.

"मनगट सैल पडलं, मंजिरी," तो हळूच म्हणाला. "पकड ढिली असली की असंच अडकतं. मला याचीच भीती होती."

"मनगट नाही."

"वाईट वाटून घेऊ नकोस..."

"ट्रेव्हर, मला आधी बघू दे."

त्यांनी मॅगझीन काढलं, मग डाव्या हाताने वरचा भाग मागे ओढला. अडकलेली गोळी बाहेर पडली आणि तिच्यामागून समोरच्या फळीवर एक बारीक काहीतरी टपकलं. ट्रेव्हरने चष्मा वर करून ते चिमटीत धरलं. कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा.

"हे काय आहे?"

"तांदूळ," वहिनी म्हणाल्या. "सकाळी आम्ही याची पूजा केली. मी बॅरल साफ केली, मॅगझीनमध्ये बघायला विसरले. चूक माझीच, पण मनगटाची नाही."

मी बाकावर देवीचं नाव घेत होते आणि लाजेने मान वर करवत नव्हती. ट्रेव्हर एकदा दाण्याकडे बघे, एकदा वहिनींकडे. "माझी आई माझ्या बापाच्या बोटीवर पवित्र पाणी शिंपडायची," तो शेवटी म्हणाला. "पण इंजिनात नाही ओतायची."

वहिनी हसल्या नाहीत. "मॅगझीन साफ करते. पहिल्यापासून तीस घे."

"उरलेल्या पुरे आहेत."

"नको. उद्या कुणी म्हणायला नको की मध्ये थांबली होती, हाताला विश्रांती मिळाली. तीसच."

मॅगझीनचे भाग सुटे करून त्यांनी पुसले, पुन्हा जोडले, भरले. आणि मारल्या. शेवटी शेवटी त्यांचा दंड थरथरताना मला मागून दिसत होता, पण मनगट हललं नाही. शेवटच्या गोळीनंतर त्यांनी पिस्तूल रिकामं करून ट्रेव्हरला दाखवलं, खाली ठेवलं आणि उजवा हात डाव्या हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

ट्रेव्हर निशाणाचा कागद घेऊन आला. भोकं सगळी मधल्या वर्तुळांत नव्हती, काही पार कडेला गेली होती.

"नेम सुधारायला हवा," तो म्हणाला. "हात ठीक आहे. कमिटीला आज रात्रीच कळवतो. आणि मंजिरी, पुढच्या वर्षी पूजा झाली की मॅगझीनसुद्धा उघडून बघ."

गाडीत बसल्यावर वहिनींनी स्टिअरिंगला हात लावला आणि काढला. "नीना, तू चालव ग. आता मात्र खरंच दुखतंय."

मी चालवली. वाटेत मी विचारलं, "त्या जड गोळीची मूळ बॅरल आता कपाटातच राहणार ना?"

"जानेवारीत काढणार," त्या म्हणाल्या. "तोवर हीच, दर शनिवारी." आजच्या टेस्टमध्ये नऊ मिलिमीटरच्या गोळ्या जवळजवळ संपल्या. मंगळवारी ड्यूटीवरून सुटल्या की वहिनींना डीलरकडे जाऊन दोन खोकी आणायची आहेत.