थिओक्लीतीचं वर्ष

स्त्रातिस पाथरवटाचं डोकं तापायला कारण लागत नाही, असं त्याची बायको मारिगो म्हणायची. या खेपेला कारण होतं. संत थिओक्लीती म्हणे हुतात्मा झालीच नव्हती, आणि फेब्रुवारीतला तिचा सण बिशप बंद करणार होते.

हा शोध स्मिर्नात उतरलेल्या जर्मन प्रोफेसरचा, पण पुरावा स्त्रातिसच्याच हातचा. जुन्या शिलालेखांवर ओला कागद बसवून, ब्रशने ठोकून अक्षरांचे ठसे काढणं हा त्याचा जोडधंदा. त्याच्या ठशात होतं, रोमन राज्यपाल प्रांताच्या जुन्या सनाच्या एकशे नव्वदाव्या वर्षी ऑक्टोबरात आला. चर्चच्या पोथीत होतं, त्याच राज्यपालाने थिओक्लीतीला एकशे नव्वदच्याच फेब्रुवारीत जाळलं. प्रोफेसरने छापलं : तेव्हा तो आलाच नव्हता, सबब कथा बनावट.

स्त्रातिसच्या अंगाचा तिळपापड झाला. तो तडक धक्क्यावरच्या हॉटेलात गेला.

"प्रोफेसर, तुमचं वर्ष कधी लागतं?"

"जानेवारीत. का?"

"आणि इथलं? अजूनही सप्टेंबरात पाद्रीबाबा नव्या वर्षाची प्रार्थना म्हणतात, आम्ही पेरणीचं बी चर्चात नेतो. म्हणजे त्याच वर्षात आधी ऑक्टोबर, मग फेब्रुवारी! राज्यपाल येऊन चार महिने झाले होते. तेवढ्यात एक बाई जाळता येत नाही?"

प्रोफेसर हसला. "तू ठसे काढ. मोजणी आमच्यावर सोड."

जानेवारीत त्याचं नवं पत्रक आलं. 'सूक्ष्म अभ्यासांती' त्याला आढळलं होतं की या प्रांताचं वर्ष शरदात लागे. सण वाचला. स्त्रातिसचं नाव तळटीपेतसुद्धा नव्हतं. चोर तो चोर, वर शिरजोर!

सणाच्या दिवशी बिशपांनी वेदीपुढून प्रोफेसरचे आभार मानले : त्यांनी आपली संत आपल्याला परत दिली. पहिल्या बाकावर प्रोफेसर मान लववून बसला होता.

"खोटं आहे!" स्त्रातिस ओरडला. मारिगोने त्याची बाही ओढली, तिचा हात त्याने झिडकारला. "ते मी सांगितलं त्याला, त्याच्या खोलीत जाऊन!"

"पुरावा आहे का तुझ्याकडे?" बिशपांनी विचारलं.

"नाही, महाराज. पण शेकडो वर्षं आमच्या आयाबाया तिच्यापुढे मेणबत्ती लावत आल्या, त्यांना खोटं ठरवलंत तेव्हा तुम्ही त्यांना एका शब्दाने तरी विचारलं होतंत का?"

 मग मागच्या बाजूने एक म्हातारी उठली, बिशपांकडे पाठ करून थिओक्लीतीच्या चित्रापुढे गेली आणि तिने आपली मेणबत्ती लावली. तिच्यामागून दुसरी उठली.