मृतावस्थेत आढळलेली सांबर मादी

हे मी बायकोला कधी सांगितलेलं नाही. मुलांना तर नाहीच. आता पन्नाशी उलटल्यावर लिहितो आहे, कारण तोंडाने सांगायला गेलो तर पुन्हा मला सोयीचं तेवढंच सांगेन.

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत एका संशोधन प्रकल्पावर मी मदतनीस होतो. रानातल्या सांबरांना आणि गावातल्या गुरांना होणारे कृमी एकच आहेत का, हे शोधायचं होतं. ऐकायला भारदस्त; माझं काम शेण आणि लेंड्या गोळा करण्याचं. महिन्यातून एकदा एसटीने चिपळूण, तिथून पोफळी, मग वीजवाल्यांच्या कॉलनीमागची चढण. लेंड्या डब्यांत, डब्यांवर चिठ्ठ्या, डबे मांडीवर. परतीच्या गाडीत एखादा विचारायचा, "काय हो, मिठाई काय?" मी हो म्हणायचो.

सूक्ष्मदर्शकाखाली सांबराच्या लेंडीत अंडी दिसत होती. पण नुसत्या अंड्यावरून कृमीची जात ठरत नाही. त्याला पूर्ण वाढलेला कृमी लागतो आणि तो असतो जनावराच्या यकृतात. गुरांची यकृतं खाटकाकडे मिळायची. सांबराचं कुठून आणणार? मारायला कायद्याने बंदी. आमचे साहेब कधीपासून एखाद्या मेलेल्या सांबराची वाट बघत होते. "एक यकृत मिळू दे रे, तुझ्या नोकरीचं मी बघतो," असं मला जाता-येता म्हणायचे.

चढणीवरच्या वाडीत एक काकी राहायची. नवरा मुंबईला हॉटेलात, मूलबाळ नाही. तिच्या गोठ्यात दोन गाईंच्या शेजारी सांबराचं पाडस असायचं. आईला रानकुत्र्यांनी मारलं, तेव्हा हिने ते उचलून आणलं होतं आणि गाईच्या दुधावर वाढवलं होतं. त्याला ती 'बाय' म्हणायची. बाय वर्षाची झाली तेव्हा एकदा काकीने मला अंगणातूनच हाक मारली.

"डागदर, हिच्या गल्याखाली काय आलंय बगा जरा."

मी डॉक्टर नव्हतो, साधा बी.एस्सी. होतो. तिची ती समजूत मी कधी दुरुस्त केली नाही.

जबड्याखाली पाण्याची मऊ सूज होती. बोटाने दाबली की खळगा राहायचा. पापणी उलटून पाहिली, आतून पांढरीफटक. यकृतात चपटे कृमी झालेली गाय अगदी अशीच दिसते.

"मागं गाईला पन असंच झालेलं," काकी म्हणाली. "एकाच पऱ्यावर पानी पितात ना. गोगलगायी बगा तिथं, पाय ठेवायला जागा नाय."

पऱ्या म्हणजे वाडीजवळचा ओढा; आणि हे कृमी गोगलगायींत वाढूनच पुढे जनावरांत जातात. आमच्या अख्ख्या प्रकल्पाचा निष्कर्ष तिने उभ्या उभ्या सांगून टाकला होता. पुढे तोच आम्ही तक्ते जोडून छापला. तिचा उल्लेख नाही.

माझ्या पिशवीत त्या कृमीवरचं औषध होतं. गुरांना पाजायला आम्ही ते बाळगायचोच. त्याच सकाळी खालच्या वाडीत पाजून आलो होतो. पण औषध पाजलं असतं तर कृमी मेले असते, आणि आम्हाला ते हवे होते.

"इथे इलाज नाही, काकी. रत्नागिरीला न्यावी लागेल."

"बरी व्हईल?"

"होईल."

"मग ह्या पिशवीत काय हाय?"

"ते गाईंचं."

दोन दिवसांनी आमची जीप आली. काकी पाडसाला दोरीने धरून रस्त्यापर्यंत उतरली.

"मी पन येते. परक्या जागी बुजंल ती."

"जागा नाही जीपमध्ये," मी म्हणालो. जागा होती. ड्रायव्हरने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग हसून तिला म्हणाला, "काकी, सासरी धाडताय जणू!"

"सासरी धाडली तर दागिने घालीन," ती म्हणाली आणि फणसाच्या पानांचा भारा माझ्या हातात दिला. "देठ काडून घाला. देठ नाय खात. लय लाडावलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणात साहेबांनी इंजेक्शन भरलं. पाय मी धरले होते. ती माझा हात हुंगत होती, पानं असतील म्हणून.

यकृत कापलं तर नळ्यानळ्यांतून कृमी निघाले. साहेब खूश. "लिही," म्हणाले, "मृतावस्थेत आढळलेली सांबर मादी." मी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहिली आणि बरणीला चिकटवली. माझं अक्षर चांगलं आहे.

कृमी गाईम्हशींत सापडतो तोच निघाला. साहेबांना नव्या जातीची आशा होती, ते थोडे खट्टू झाले. तरी निबंध छापून आला. दुसरं नाव माझं. नोकरी कायम झाली.

पुढच्या महिन्यात गेलो. काकी वाटेतच उभी.

"बाय कशी हाय?"

"बरी आहे. औषध चालू आहे."

"देठं काडता ना?"

"काढतो."

असे तीन महिने गेले. चौथ्या महिन्यात मी म्हणालो, "बरी झाली. पण असं जनावर ठेवता येत नाही, कायदा आहे. रानात सोडली."

तिने विचारलं, "कुठं सोडलीत?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. मी समोरच्या डोंगराकडे हात केला, वरच्या सपाटीकडे.

"बरं झालं," ती म्हणाली. "आपल्या मान्सांत गेली." आत जाऊन माझ्यासाठी ताक घेऊन आली. मी ते प्यायलो.

त्यानंतर गेलो तेव्हा घराला कडी. शेजारीण अंगणात भात वाळवत होती.

"काकी वर गेलीय. बायला चाटायला मीठ घेऊन. रोज जाते, फत्तरावर ठेवते नि हाका मारीत बसते." तिने सुपातला खडा उचलून फेकला. "जागा तुमीच दावलीत नव्हं? आता सांबार पन आनून दावा तिला, डागदर. गुडघे गेले म्हातारीचे चढून."

डोंगराकडे न बघता मी डबे भरले आणि उतरलो. त्या वाडीत पुन्हा गेलो नाही. वर्षअखेरच्या अहवालात तिथले नमुने का थांबवले, त्याच्या रकान्यात मी लिहिलं: वाट अवघड.

वाट सोपी होती. कॉलनीपासून अर्ध्या तासाची.