पेपरात न आलेलं मरण

सुरतेत आमच्या पांडेसऱ्यात मराठी पेपर आठवड्याला एकच यायचा. चार पानांचा, शाई हाताला लागणारा, उधन्याच्या एका दोन खोल्यांच्या प्रेसमधून निघणारा. गुजराती पेपर रोज निघायचे, पण त्यांत आम्ही नसायचोच. असलो तर मजुरांच्या मारामारीपुरते. म्हणून तो एक पेपर आमचा. त्यात लिहिलं की अमुक शाळेत पोरं घाला, की बायका पोरांना धरून त्या शाळेच्या दारात. त्यात लिहिलं की अमुक चिन्हावर शिक्का मारा, की अख्खी वस्ती तिकडे. आता हे सांगितलं की माझ्या मुलांना हसू येतं. हसा बाबांनो. तुम्ही घरातसुद्धा गुजरातीत भांडता, तुम्हाला काय कळणार?

पण खरं सांगू? संपादकांचा अग्रलेख वाचायला कोणीच पेपर घेत नव्हतं. घ्यायचे ते शेवटच्या पानासाठी. शेवटच्या पानावर मयताच्या बातम्या असायच्या. आम्ही खानदेशातली माणसं. कोणाकडे मयत झाली की दारावर जावंच लागतं. सतरंजी टाकलेली असते, जाऊन बसायचं, बायकांनी घरातल्या बाईच्या गळ्यात पडून रडायचं आणि उठायचं. सुतक फिटताना करायचा गंधमुक्तीचा विधी होईपर्यंत हे चालतं. गेलं नाही तर संबंध तुटले असंच समजतात. गावात रडण्याचा आवाजच घरोघरी जातो. इथे सुरतेत एक भाऊ पांडेसऱ्यात, दुसरा सचिन गावात, मामा चलथाणच्या साखर कारखान्यावर, आणि सगळ्यांच्या पाळ्या वेगळ्या. कळणार कसं? तर पेपरातून. कोण गेलं, मूळ गाव कुठलं, गंधमुक्ती कधी, घर कोणत्या गल्लीत. फुकट छापायचे. आणि ज्यांचं पुढचं क्रियाकर्म गावी नेऊन करायचं ठरे त्यांची बातमी येत नसे, कारण इथे दाराला कुलूप, बसायला जाणार कुठे. या रिवाजाला सगळे इतके सरावले होते की बातमी नाही म्हणजे गावी गेले, हे कोणाला सांगावं लागत नसे.

माझे वडील, आप्पा, कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस मिलमध्ये घड्या घालायच्या खात्यात होते. रविवारी सकाळी आमच्या चाळीच्या ओट्यावर ते पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे. घरात अहिराणी बोलणारा माणूस, पण पेपर हातात आला की एकदम पुस्तकातलं मराठी! माय आतून हसायची. म्हणायची, आले बघा मास्तर. पण ज्यांना वाचता येत होतं तेसुद्धा आप्पांकडून ऐकायला येऊन बसायचे. आप्पांना ते आवडायचं. थोडे शेफारलेही होते. मधेच थांबून संपादक किती धाडसी, संपात ते मजुरांच्या बाजूने कसे उभे राहिले, हे सांगायचे. त्या संपादकांवर त्यांची फार भक्ती होती.

मग महानगरपालिकेची निवडणूक आली. त्याच्या थोडं आधी आमच्या गल्लीतल्या एका माणसाचा हात मशीनच्या रोलरमध्ये सापडून कोपरापर्यंत गेला. तो ज्या ठेकेदाराकडे कामाला होता, तोही आमच्याच भागातला, आमच्याच भाषेतला. त्याने सरळ हात वर केले; म्हणाला, हा माणूस माझ्याकडे कामाला नव्हताच. आप्पा त्या जखमी माणसाला घेऊन प्रेसवर गेले. संपादकांनी चहा पाजला, हळहळले, छापतो म्हणाले. पुढच्या रविवारी पहिल्या पानावर मोठा फोटो आला तो त्या ठेकेदाराचा. निवडणुकीला उभा राहिला होता. खाली लिहिलं होतं की हा आपला माणूस आहे, आणि आपल्या माणसाला मत न देणारा स्वतःच्या मातीशी बेईमान आहे. तुटलेल्या हाताबद्दल एक ओळ नव्हती.

ओट्यावर माणसं बसलेली. आप्पांनी मथळा वाचला, पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि थांबले. मी दारात उभी होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. घरातलं कोणी चोरी करताना पकडलं जावं तसे ते लाजलेले दिसत होते.

"हे मी वाचणार नाही," ते म्हणाले. "आपला माणूस असता तर त्याने आपल्या माणसाचा हात ओळखला असता."

पेपराची घडी घालून ते आत आले. त्यानंतर त्यांनी उघड सांगायला सुरुवात केली की ठेकेदाराविरुद्ध उभ्या असलेल्या, गल्लीत नळ आणणाऱ्या गुजराती उमेदवाराला मत द्या, तो आपला नसेना का. झालं! पुढच्या अंकात घरभेद्यांवर एक मजकूर आला. नाव नव्हतं, पण चार अक्षरं वाचता येतात म्हणून ओट्यावर शहाणपणा शिकवणारे, असं लिहिलं होतं. नाव कशाला पाहिजे मग? रविवारी ओटा रिकामा राहायला लागला. पेपर आता पलीकडच्या चाळीत कोणी दुसराच वाचायचा, अडखळत अडखळत, आणि आमच्या घरापर्यंत ते ऐकू यायचं. ज्याचा हात गेला होता त्याने ठेकेदाराला मत दिलं. ठेकेदार निवडून आला. आप्पांनी कोणाला दोष दिला नाही, पण ते कमी बोलायला लागले आणि सुट्टीच्या दिवशीही भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मला त्यांचा राग यायचा. माणसाने असं मुकाट बसावं का? पण ते बसले.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात आप्पा गेले. मिलमधून आले, छातीत कळ आली म्हणाले, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. चाळीतले लोक खांदा द्यायला आले. तेवढी माणुसकी राहिली होती. तापीवर सगळं करून आल्यावर सगळ्यात आधी काय ठरलं असेल तर हे, की गंधमुक्ती इथेच करायची. माय म्हणाली, ज्या माणसाने इतकी वर्षं इथे घालवली त्याचं गावी कोण आहे? त्याची माणसं इथे आहेत. बमरोलीची, सचिनची, चलथाणची. ती सगळी येतील, पेपरात फक्त कळवा. काका प्रेसवर जाऊन बातमी देऊन आले. घेतली म्हणाले.

रविवारी पेपर आला. शेवटचं पान मी वरपासून खालपर्यंत पाहिलं, परत पाहिलं. तीन-चार अनोळखी लोकांच्या बातम्या होत्या. आप्पा नव्हते. पहिल्या पानावर नगरसेवक झालेल्या त्या ठेकेदाराचा सत्कार होता.

काका तणतणत प्रेसवर गेले. परत आले ते पडलेलं तोंड घेऊन. संपादक म्हणाले होते, राहून गेलं. राहून गेलं! मयत राहून जाते का कुठे? मला असा संताप आला की मी तो अंक चुलीत घातला. काका म्हणाले, आता ओरडून काय उपयोग, पुढचा अंक गंधमुक्तीनंतर निघणार. ते स्वतः पायपीट करून उधन्यातल्या काही घरी सांगून आले. पण एकटा माणूस किती दारं फिरणार?

मायने सतरंजी टाकली ती टाकलीच. सकाळी झटकायची, परत पसरायची, भिंतीला टेकून बसायची. चाळीतल्या बायका दोन घटका येऊन गेल्या. उधन्याचे काही आले. बाकी कोणी नाही. रस्त्यावर रिक्षा थांबली की माय डोक्यावरचा पदर नीट करायची, रडायला तयार व्हायची. रिक्षा पुढे निघून जायची. मला ते बघवत नव्हतं. गंधमुक्तीला जेवण उरलं, इतकं उरलं की चाळीत वाटावं लागलं. त्या संध्याकाळी सतरंजी गुंडाळताना माय एवढंच म्हणाली की लोकांनी आप्पांना वाळीत टाकून मारलं आणि मेल्यावरही सोडलं नाही. मलाही तसंच वाटलं. मी त्या दिवसापासून पेपर बंद केला.

दिवाळीच्या आधी सचिनहून एक माणूस आला. आप्पांच्या गावचा, एके काळी ओट्यावर बसणारा. गावाहून येताना आप्पांसाठी भरीताची वांगी घेऊन आला होता. दारातच त्याने हसत विचारलं,

"आप्पा कोठे शेतस?"

आप्पा उन्हाळ्यातच गेले, हे मीच सांगितलं. तो उंबऱ्यावरच खाली बसला. वांग्यांची पिशवी त्याच्या हातात तशीच.

"पेपरमा ते काहीच नही उनं," तो म्हणाला. पेपरात तर काहीच आलं नाही. आमच्यावर विश्वास ठेवावा की पेपरावर, हे त्याला ठरवता येत नसावं असं मला क्षणभर वाटलं.

मग तो रडत रडत बोलत गेला. आप्पा गेल्याचं बमरोलीत काहींच्या कानावर आलं होतं. चलथाणलाही कुणकुण होती. पण पेपरात दिसलं नाही, तेव्हा सगळे धरून चालले की पुढचं सारं गावी नेलं असणार. कुलूप लावलेल्या दारावर कोण जाणार? त्याच्या कानावर तर तेवढंही आलं नव्हतं. गावी जाऊन आला, तिथेही कोणी काही बोललं नाही. आले असते, तो परत परत म्हणत होता, सगळे आले असते.

म्हणजे लोक रागावलेच नव्हते. संपादकांनी एक बातमी गाळली आणि आमच्या लोकांनी आपल्या रिवाजाप्रमाणे, अगदी सरळ मनाने, आप्पांना एकटं टाकलं. मला वाटलं होतं हे ऐकून मायला बरं वाटेल. ती उठून आत गेली.

त्यानंतरच्या रविवारी तिने मला पेपर आणायला सांगितलं. मी भडकलेच. ज्यांनी आप्पांशी असं केलं त्यांचा कागद या घरात येणार नाही, म्हटलं. मी नाही नाही ते बोलले. 

"कोण मरी गये ते माले कसं समजी?" माय म्हणाली.

मी पेपर आणला, पहिलं पान न बघता उलटलं आणि शेवटचं वाचायला बसले. बमरोलीच्या एका म्हातारीची बातमी होती. आमच्या ओळखीची नव्हती; तिच्या मुलाला मात्र मी ओळखत होते. ठेकेदाराच्या प्रचारात तो सगळ्यांच्या पुढे असायचा, ओटा रिकामा करणाऱ्यांतला तो पहिला. मी ते मायला सांगितलं. तिने गल्ली कोणती ते विचारलं आणि चपला शोधायला लागली.