वजीर देऊन प्यादेमात

बपेऱ्यात, माझ्या माहेरी, बुद्धिबळाला आमचा एक जादा नियम होता. वजिराने किंवा हत्तीने मात केली तर ते नुसते जिंकणे. प्याद्याने केली तर खरा मान, आणि हरणाऱ्याने आपल्या हाताने चहा करून पाजायचा. माझ्या बाबांनी असा एक डाव रचला होता: पांढऱ्याने पाच चालींत प्याद्यानेच मात करायची. तो कोणाला सुटत नव्हता, आणि उत्तर सांगतील तर ते बाबा कसले! शेवटी गावाने ठरवून टाकले की डावच खोटा आहे. बाबा वरवर हसत, पण ते त्यांच्या जिव्हारी लागले होते. मी तर त्यांच्याहून तापट. मला कोणी 'खोटा डाव' म्हटले की डोकेच फिरायचे.

ऐंशी सालानंतरच्या एका उन्हाळ्यात माझे दीर परदेशातून बुद्धिबळ खेळणारे मशीन घेऊन साकोलीला, माझ्या सासरी, आले. सोंगटी पटावर दाबली की बारीक लाल दिवे लागत आणि मशीन आपली चाल दाखवी. वर्तमानपत्रातली अवघड कोडी घालून दीर त्याची परीक्षा घेत, आणि प्रत्येक उत्तराला असे फुगत जणू त्यांनीच काढले. मी बाबांचा डाव मांडला. मशीनने दोन चालींत वजिराने मात दाखवली.

"सुटला ना, वहिनी! प्याद्यानं होतच नसन, म्हणून त्यानं दाखवली नाही."

मी मशीन पिशवीत घातले आणि दिरांना म्हटले, "चला बपेऱ्याले."

बाबांनी अंगणात बाजेवर बसून सगळे ऐकून घेतले. "वजिरानं मात त माही म्हैसबी करन. त्याले प्याद्यानं कराले सांग."

"तसं सांगता येत नाही, बाबा. त्याच्यासाठी मात म्हणजे मात."

"मंग काळे त्याले दे. पांढरे तू घे."

गावात हा डाव खेळताना काळ्याच्या प्रत्येक चालीवर भांडण व्हायचे आणि मूळ गोष्ट राहून जायची. मशीन भांडत नव्हते. मी प्यादे पुढे काढले की त्याचा राजा निमूटपणे निसटायचा. पुन्हा मांडला, पुन्हा निसटला. दीर शीळ घालत होते. त्यांनाच पिशवीत भरून परत पाठवावे असे मला वाटत होते. बाबा मात माझ्याकडे नाही, पटाकडे बघत होते.

मग माझ्या ध्यानात आले. राजा दरवेळी एकाच घरातून पळत होता. ते घर त्याच्याच माणसाने अडवायला हवे होते.

मी डाव पुन्हा मांडला आणि चौथ्या चालीला वजीर नेऊन त्याच घरात ठेवला, राजाला शह देत. दिरांची शीळ थांबली. वजिराला मागून उंटाचा जोर होता, राजाला तो मारता येईना. मशीनला घोड्यानेच मारावे लागले, आणि तो घोडा राजाच्या दारात जाऊन बसला. मी प्यादे एक घर पुढे सरकवले.

मशीनचे दिवे लागले. मात!

मी ओरडलेच. म्हैस दचकून उठली. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

बाबा सावकाश दिरांकडे वळले. "सांगा जी, डाव खोटा हाये का?"

"नाही, मामाजी."

"हारली तुमची मशीन. तिले त चाय येत नसन?"

लेकीच्या सासरचा पाहुणा, ज्याला आमच्या घरी पाण्याचा तांब्याही उचलू देत नसत, तो चुलीपुढे बसून फुंकर मारत राहिला. चहा पाकासारखा गोड झाला होता. बाबांनी दोनदा मागून घेतला. मग पटावरचे ते प्यादे उचलून सदऱ्याच्या खिशात टाकले आणि वरून हात ठेवला.

मशीन परत गेले तेव्हा त्यात एक पांढरे प्यादे कमी होते. दीर त्या जागी चिंचोका ठेवून खेळत. प्यादे मागायची हिंमत त्यांनी कधी केली नाही.