कुसाबाईचा कान

कुसाबाईला कचरा कानाने कळायचा. डेपोवर कचऱ्याची गाडी रिकामी झाली की बाकीच्या बाया आकडी घेऊन तुटून पडत. ही मात्र हाती आलेली पिशवी आधी कानाशी नेऊन चुरगाळायची. कडकड वाजली तर एका गोणीत, मऊ वाजली तर दुसऱ्या. भंगारवाला तोच माल काडी लावून, वास घेऊन तपासायचा आणि दर वेळी बाईचंच खरं निघायचं. कळवणकडून नाशकात येऊन तिला दहा वर्षं झाली, तरी चौकश्या संपेनात. बाटली वितळून पुढे तिचं काय होतं? द्राक्षबागेतल्या नळ्यांचं काय होतं? भंगारवाला वैतागायचा, "तुला माल इकायचाय का शाळा काढायचीय?"

मग दोन हजार एकच्या सुमारास डेपोवर कचऱ्याचं खत करणारं यंत्र आलं आणि फाटकाला कुलूप लागलं. आता यंत्रच सगळं निवडणार, बायांचं आत काम नाही. वीस जणींच्या चुली एका दिवसात अडचणीत आल्या. बाकीच्या शिव्या घालत दुसऱ्या वस्त्या धुंडाळू लागल्या. कुसाबाई रोज फाटकाशी येऊन बसे. पोटाची काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर तिला ते यंत्र बघायचं होतं.

आठव्या दिवशी तिथला तरुण इंजिनिअर, अश्विन, जवळ आला. "मावशी, रोज काय बघता?"

"ते निवडतं कसं, साहेब? त्याला डोळे हाईत का?"

"जाळी आहे. मोठं वर राहतं, बारीक खाली पडतं."

"मंग बारीक काच?"

अश्विनने आत जाऊन तयार खताची ओंजळ आणली. खत काळंभोर, भुसभुशीत होतं. दुसऱ्या दिवशी ते पिंपळगावच्या एका बागायतदाराकडे जायचं होतं. कुसाबाईने चिमूट कानाशी चोळली.

"वाजतंय."

त्यानेही चोळून ऐकलं. एवढा शिकलेला माणूस कानाशी खत धरून उभा राहिलेला बघून वॉचमन तोंड फिरवून हसला. पण खत कागदावर पसरलं तेव्हा कॅरीबॅगचे कपटे आणि काचेचे कण चकाकले.

"गाडीतून पडल्या पडल्या निवडलं, तर बारीक व्हयाचंच नाय," कुसाबाई म्हणाली. "यंत्राच्या आधी आमी पायजे."

अश्विनने पिंपळगावला जाणारी खताची गाडी थांबवली आणि वरिष्ठांशी बरंच भांडला. महिन्याभराने वीस जणींना आत जायची ओळखपत्रं मिळाली.

आपलं कार्ड हातात येताच कुसाबाईने सवयीने ते कानाशी नेऊन वाकवलं, नखाने कड उचकटून पाहिली.

"कागदाला प्लास्टिक चिकटवलंय. हे भंगारात कोनी घेत नाय, साहेब," ती म्हणाली. "म्हंजे ठिवूनच घ्यावं लागनार."

आजवर हाताला आलेलं सगळं तिने विकलंच होतं. ते कार्ड तिने पोलक्यात खोल सरकवलं आणि यंत्र बघायला आत गेली.