दिव्याभोवतीचं कडं

माझ्या आईला माझ्या एकाच गोष्टीचा तोरा होता: पोरीला सगळ्याचं कारण ठाऊक असतं. मी पंचवटीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. आई द्राक्षांच्या हंगामात पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये घडातले खराब मणी कातरीनं काढायला जायची. आमच्या कॉलनीतल्या सात-आठ जणी एकाच टेम्पोनं जायच्या. संध्याकाळी उतरल्या की आमच्या ओट्यावर चहाला टेकायच्या आणि दिवसभरात डोक्यात आलेलं मला विचारायच्या. फ्रीजमधली बाटली बाहेरून ओली कशी होते? कच्चा कांदा रडवतो, मग शिजलेला का नाही रडवत? द्राक्षावरची पांढरी भुकटी औषधाची असते का? मी सांगायचे, नाही हो मावशी, ते मेण असतं, द्राक्ष आपल्या आपणच धरतं. चहा गाळता गाळता आई सगळ्यांकडे अशी बघायची, जणू ते मेण मीच लावून आले होते.

मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली. ‘माहीत नाही’ म्हणायला माझी जीभच वळायची नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं, तेव्हाची गोष्ट. डिसेंबरात नदीकडून धुकं यायचं. एका संध्याकाळी आई टेम्पोतून उतरली आणि रस्त्यावरच्या दिव्याकडे बघत उभी राहिली. दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय म्हणाली, इंद्रधनुष्य गोल वळवून ठेवल्यासारखं. मी तिला हाताला धरून घरात आणलं, खिडकीच्या काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि तिच्यातून बाहेरचा दिवा दाखवला. मलाही कडं दिसलं. हवेत पाण्याचे बारीक थेंब असतात, त्यांच्यामुळे उजेडातले रंग वेगळे होतात, असं मी सांगितलं. आईला पटलं. दुसऱ्या दिवशी तिनं ते टेम्पोतल्या सगळ्या बायांना समजावून सांगितलं.

त्याच हिवाळ्यात तिची डावी भुवई ठणकायला लागली. मी म्हटलं, खोक्यात ठेवतात त्या गंधकाच्या कागदांच्या वासानं होत असेल. तेही पटण्यासारखंच होतं. ती बाम चोळायची आणि कामाला जायची.

मग एप्रिल आला. अंगाची लाही लाही होत होती, धुक्याचा मागमूस नव्हता. मी वह्या तपासत बसले होते. आई दारातून म्हणाली की कडं अजून दिसतंय, आता घरातल्या बल्बालासुद्धा. मी मान वर न करता म्हटलं, धूळ असते गं हवेत, आणि किती वेळा तेच तेच विचारशील? ती आत गेली. धुकं हे कारण असेल तर धुकं गेल्यावर कडंही जायला हवं, इतकी साधी गोष्ट. सातवीतल्या पोरानं असली चूक केली असती तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

पुढच्या हंगामात आईनं साफ केलेल्या घडांत कुजके मणी निघायला लागले. मुकादमानं दोनदा सांगून बघितलं, तिसऱ्यांदा तिला घरी पाठवलं. हातातली कातर तिथं ठेवून यावी लागली, याचाच तिला जास्त घोर. मी तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल अशा समजुतीनं.

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मग त्यांनी आईला विचारलं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची का, कधीपासून?

आई हसली. “दिसतात की साहेब. पन ते काय दुखणं नाय. हवेतल्या पाण्यानं दिसतं तसं. माझी पोरगी सायन्सची मास्तरीण हाय, तिनंच सांगितलं.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी कागदावर ‘काचबिंदू’ लिहिलं आणि सांगितलं की डावा डोळा गेल्यात जमा आहे, उजव्यातलं उरलंय तेवढं थेंब घालून टिकवायचं. गेलेली नजर परत येत नाही.

रिक्षात आईनं मला ते सोपं करून सांगायला लावलं. मी सांगितलं. डोळ्यातलं पाणी आत तयार होतं आणि बारीक वाटेनं बाहेर जातं. वाट बुजली की आतला दाब वाढतो, मागची नस मरते. मधूनमधून वाट बुजायला लागली की कपाळ दुखतं, दिव्याला कडं दिसतं.

“म्हंजी तवाच आलो असतो तर?”

“तर नजर राहिली असती, आई.”

मला रडू फुटलं. रिक्षावाला आरशातून बघायला लागला. आई बराच वेळ माझा गुडघा थोपटत राहिली. कॉलनीचं वळण आलं तशी ती हळूच म्हणाली, “बायांना यातलं काय बोलू नगं. तुला इचारायच्या बंद होतील.”

मी तिचं ऐकलं. म्हातारपणामुळे नजर गेली, असंच सगळ्यांना सांगितलं. बाया नंतरही कितीतरी वर्षं ओट्यावर येत राहिल्या, विचारत राहिल्या, आणि आई भिंतीला टेकून माझी उत्तरं ऐकत बसायची. तिनं स्वतः मात्र मला पुन्हा कधी काही विचारलं नाही.